बाबांचं ‘रोज’

ऐक गं आधी. मधेमधे ‘मग काय झालं’ करू नकोस, सांगतेय ना मी, सगळं सांगतेय, फक्त ऐक. परवा मी ऑफिसात, कानावर हेडफोन, पलीकडे एक चिडलेला माणूस, त्याचा प्रिंटर कागद गिळतोय, आणि मी आपली नेहमीसारखी ‘सर, एकदा बंद करून परत चालू केलंत का’ म्हणतेय, तेवढ्यात माझा स्वतःचा फोन टेबलावर थरथरला. डोळ्यांच्या दवाखान्यातून. तिथली रिसेप्शनिस्ट म्हणाली, तुमच्या आई आज लेन्सचं माप द्यायला येणार होत्या, आल्याच नाहीत, फोनही उचलत नाहीयेत. मी म्हटलं, असं कसं, आईने तारीख कॅलेंडरात टाकलीय, माझ्यासमोर टाकलीय. आणि ‘कॅलेंडर’ म्हणताक्षणी मी थबकलेच बघ. जिन्यात एखादी पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. काय झालं असेल ते मला सगळं एकदम कळलं. बाई सांगत होती, मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात फार लांबवू नका, माप झाल्याशिवाय ऑपरेशनची तारीख देता येत नाही, आणि मी हो हो म्हणत होते, आणि दुसऱ्या कानात तो प्रिंटरवाला ‘हॅलो, हॅलो, आहात का’ करत होता.

आता तुला मागचं सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल आई विसरभोळी झाली. आई आणि विसरभोळी! आख्खी नोकरी एक्स-रे खात्यात काढली तिने. शिशाचा एप्रन घालून, काचेमागून लोकांना ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ सांगत. घरीसुद्धा तेच. मी गुडघा फोडून आले की आयोडीन लावायच्या आधी ‘रोख’, लावून झालं की ‘सोड’. आणि बाबा बेकरीत, भट्टीवर. म्हणजे उजाडायच्या आत ते घरातून जायचे, दुपारी येऊन झोपायचे, आणि आई संध्याकाळी यायची तेव्हा ते घोरत असायचे. रात्री जेवायला तेवढे एकत्र, त्यातही बाबा अर्धे झोपेत, घास हातात आणि डोळे मिटलेले. लोकांचे आईबाप बोलतात, भांडतात, दारं आपटतात. माझ्या आईबापांना वेळच जुळायची नाही. मग आमच्याकडे कॉम्प्युटर आला, दादाच्या अभ्यासासाठी म्हणून, आणि जेवायच्या टेबलाच्या कडेला बसला तो बसलाच, ताटं एका बाजूला सरकवून. त्यात ते कॅलेंडर होतं. साधंच. एक महिना, चौकटी, चौकटीत लिहायचं, आणि वेळ लावली की त्या वेळेला ‘टिंग’ करून छोटी खिडकी वर यायची. दादाने दोघांना शिकवलं, आणि शिकवून पस्तावला, कारण त्यानंतर त्याला अभ्यासाला कॉम्प्युटर काही मिळाला नाही.

कारण माझ्या आईबाबांचा सगळा संसार त्यात गेला गं. खरंच. बाबा पहाटे मोजे घालता घालता एका बोटाने टाईप करायचे, आईला सकाळी चहाच्या वेळी टिंग. आई निघताना काहीतरी लिहायची, बाबांना दुपारी टिंग. बाबांचा रंग तपकिरी, आईचा हिरवा. आई म्हणायची, तुमचा रंग करपलेल्या पावाचा. बाबा लिहायचे, तुझा बुरशीचा. असं चालायचं. भांडणंसुद्धा त्यातच. भांडण झालं की आई ‘तुम्ही’वरून एकदम अनामिक व्हायची, ‘ज्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला आहे त्यांनी तो उचलावा’, जसं काही सोसायटीची नोटीस. आणि बाबांचं उत्तर, ‘ज्यांचा टॉवेल आहे ते झोपले आहेत.’ मी शाळेतून यायचे ती दप्तर टाकायच्या आधी स्क्रीन बघायचे, आज हवा कशी आहे ते कळायला. हिरवं-तपकिरी सारखं सारखं असेल तर बरं. नुसतं हिरवं असेल तर मी गुपचूप भांडी घासून ठेवायचे.

आणि बाबांचं ‘रोज’. हे नीट ऐक, सगळं ह्याच्यावरच आहे. अगदी सुरुवातीला कधीतरी बाबांनी लिहिलं होतं, किल्ली शेजारी ठेवलीय. सकाळी खिडकी वर आली, आईचे हात ओले, घाईत न वाचता बटण दाबलं, खिडकी गेली. संध्याकाळी आई जिन्यात बसलेली, बाबा डबल पाळीवर, आणि किल्ली भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या खुंटीला. त्यावरून जे काही झालं ते कॅलेंडरावर नाही झालं, तोंडी झालं, आणि सगळ्या मजल्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी एक ठरवलं. लिहिताना खाली विचारतं ना, हे परत परत आठवण करायचं का, एकदाच, दर आठवड्याला, रोज. बाबा ‘रोज’वर टिकमार्क करायचे. प्रत्येक गोष्टीला. ‘एकदा हुकलं तर दुसऱ्या दिवशी दिसेल,’ म्हणायचे. गिझर बंद कर, रोज, ते ठीक. पण ‘गॅसवाला आज येणार’, रोज. ‘दादाची फी भरली’, रोज. दादाला नोकरी लागली, लग्न झालं, त्याला मुलगी झाली, तरी त्याची फी आमच्याकडे रोज सकाळी भरली जात होती. आणि माझा दुधाचा दात हलत होता तेव्हाचं, ‘उद्या ठमीचा दात. तिला भिऊ देऊ नकोस.’ हसतेस काय, घरी ठमीच म्हणतात मला. तर रोज सकाळी उद्या माझा दात. मी कॉलेजात गेले, उद्या माझा दात. पहिल्या पगाराचे पेढेबिढे काय ते घेऊन आले, टिंग, उद्या माझा दात.

मी आईला किती वेळा म्हटलंय, अगं ते काढून टाक ना, तीन बटणं आहेत, ‘ठीक’, ‘नंतर परत आठवण’ आणि ‘काढून टाका’, शेवटचं दाब, कायमची ब्याद जाईल. आई चहाचा कप डाव्या हातात धरून उजव्या हाताने ठीक, ठीक, ठीक करत जायची, जशा कोणी शेंगा सोलाव्यात. म्हणायची, ‘असू दे गं, त्यांनी लिहिलंय.’ बास. खिडक्या वाढत चालल्या, चहा निवायला लागला, मग ती आधी खिडक्या उरकून मग चहा ओतायला लागली. पण काढली एक नाही. तो टिंग-टिंग आवाज म्हणजे आमच्या घरातली सकाळ. मला अजून कधी लिफ्टची घंटा वाजली ना, की चहाचा वास येतो. खरंच येतो. आणि त्याच्याखाली खमिराचा, आंबूस, बाबांच्या शर्टाचा.

बाबा गेले ते भट्टीसमोरच गेले. तुला माहितीय ते, तू आली होतीस. त्या सकाळी आईने सगळ्या खिडक्यांना ठीक केलं होतं, कप विसळला होता, आणि मग फोन आला. त्या दिवशी कोणीतरी कॉम्प्युटर बंद केला, बहुतेक दादानेच, पाहुण्यांना ताटं ठेवायला जागा हवी म्हणून. तो परत कोणी लावलाच नाही. वर्ष उलटून गेलं. आईने त्याच्यावर एक टेबलक्लॉथ टाकला, वर फळांची टोपली. मला वाटलं, संपलं ते.

मग आईच्या डोळ्याचं निघालं. डॉक्टरांनी मापाची तारीख सांगितली, लांबची, कारण त्यांच्याकडे रांग. आणि आई, सवय बघ, ‘कॅलेंडरात टाकते’ म्हणाली, घरी आली, टोपली उचलली, टेबलक्लॉथ काढला, मशीन लावलं. आणि मला फोन. ‘ठमे, कॅलेंडर उघडत नाहीये. उघडल्यासारखं करतं आणि मिटतं.’ मी म्हटलं, बंद करून परत चालू केलंस का. ती म्हणाली, ‘माझ्यावर तुझी नोकरी करू नकोस. येतेस का ते सांग.’

रविवारी गेले. दुपारचं ऊन त्या टेबलावर तसंच तिरकं पडलेलं, जिथे बाबांची खुर्ची तिथे. मी बसले. क्लिक केलं. पांढरी चौकट आली, त्यात महिन्याच्या रेघा उमटायला लागल्या, कोपऱ्यात काहीतरी तपकिरी उमटतंय उमटतंय, आणि फट्. गायब. नुसता निळा पडदा. परत. फट्. आई मागे उभी राहून प्रत्येक वेळी श्वास रोखत होती, मला ऐकू येत होतं, आणि मिटलं की सोडत होती. दादाला फोन लावला तर तो म्हणतो, ‘नवीन लॅपटॉप घेऊन दे ना तिला, डोक्याला ताप कशाला.’ आईने हातातून फोन घेतला आणि म्हणाली, ‘तुझी फी आहे त्यात,’ आणि ठेवून दिला.

मग मी माझे सगळे धंदे केले. प्रोग्रॅम काढून परत टाकला. फट्. मग नवी कोरी फाईल देऊन उघडून बघितलं, तर उघडलं की! रिकामा महिना, स्वच्छ चौकटी, एकही अक्षर नाही. आई वाकून बघायला लागली आणि एवढीशी झाली, म्हणाली, ‘हे आपलं नाही.’ म्हणजे प्रोग्रॅम धडधाकट, दुखणं आपल्या फाईलमध्ये. मग मी ती नोंद उघडली, प्रोग्रॅम पडायच्या आधी काय करत होता ते तो आपलं आपलं लिहून ठेवतो ना, ती. आणि अगं, पानंच्या पानं. गिझर बंद कर, गॅसवाला, फी, दात, गिझर बंद कर, गॅसवाला, फी, दात. संपेच ना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो प्रोग्रॅम उघडल्या उघडल्या राहून गेलेल्या सगळ्या आठवणी दाखवायला जात होता. बाबा गेल्यापासूनच्या प्रत्येक सकाळच्या. सगळ्या खिडक्या एकदम. दारात एवढी गर्दी की दारच कोसळत होतं. आजारबिजार काही नाही, व्हायरस नाही, बाबांचं ‘रोज’.

आईला सांगितलं. ती हसायलाच लागली. इतकी हसली की खुर्ची धरून बसली, पदराने डोळे पुसले, आणि म्हणाली, ‘एवढं सगळं बोलायचं राहिलं होतं का ह्यांचं.’ उपाय सोपा होता गं. फाईलची एक प्रत काढायची, त्यातल्या आठवणी पुसायच्या, नोंदी राहतील, फक्त टिंग होणार नाही, खिडकी येणार नाही. मी ती प्रत केलीसुद्धा, पेनड्राइव्हवर. लावणार, तेवढ्यात आई म्हणाली, ‘म्हणजे ते गप्प होणार.’ मी म्हटलं, अगं गप्प म्हणजे, दिसेल ना लिहिलेलं. ती म्हणाली, ‘दिसेल. गप्प होणार.’

तेव्हा मला ते सुचलं. आणि सुचल्याचा काय आनंद झाला मला, काय सांगू, मी उडीच मारली. मशीनची तारीखच मागे न्यायची! बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर. मग राहिलेल्या आठवणी एकाच दिवसाच्या, दार कोसळायचं कारणच नाही. आतला बटणासारखा सेल बदलला म्हणजे तारीख टिकेल, इंटरनेटची वायर काढली म्हणजे बाहेरून कोणी दुरुस्त करायला येणार नाही. क्लिक केलं. पांढरी चौकट. रेघा. तपकिरी. आईचा श्वास माझ्या मानेवर अडकलेला. आणि टिंग. ‘गिझर बंद कर.’ मी म्हटलं, सोड आता. तिने सोडला. मग माझ्या हातातून माउस घेतला, मला हाताने बाजूला सारलं, आणि बाबांच्या खुर्चीत बसून ठीक, ठीक, ठीक. चहा नव्हता, पण डावा हात कप धरल्यासारखा वर होता तिचा. मी बघत होते. मोतीबिंदूमुळे तिला ती अक्षरं दिसतच नव्हती गं. खिडकी पूर्ण उघडायच्या आत ती म्हणायची, ‘फी’. ‘गॅसवाला’. ‘दात’.

मी तिला समजावलं, आता असं कर, एक दिवस उरकला की तारीख एक दिवस पुढे न्यायची, तिथल्या उरकायच्या, परत एक दिवस पुढे. बसल्या बैठकीला पंधरा दिवस होतील. महिन्याभरात आजवर येशील, मग सगळं सुरळीत. तिने मापाची तारीख पुढच्या वर्षाच्या पानावर जाऊन हिरव्या रंगात टाकली, खऱ्या तारखेला. मी खूश. रोज फोनवर विचारायचे, कॅलेंडर चाललंय का पुढे? ‘चाललंय की, पुढेच चाललंय.’ खोटं नाही बोलली ती. एक शब्द खोटा नाही.

तर परवा दवाखान्याचा फोन, आणि मी अर्धी सुट्टी टाकून थेट घरी. दार उघडं, आई टेबलाशी बसून बटाटे सोलतेय, मशीन चालू. मी आधी कोपऱ्यातली तारीख बघितली. अगं, जिथे सोडली होती तिथून तेवढेच दिवस पुढे, जेवढे बाहेर गेले. एक दिवसाला एक दिवस. तिने हातच लावला नव्हता. घड्याळ आपलं आपलं चालत होतं, आणि ती रोज सकाळी आपल्या दिवसाच्या खिडक्यांना ठीक करत होती. मी म्हटलं, ‘आई, अशी तर तू कधीच पोचणार नाहीस.’

‘कुठे?’

‘आजच्या दिवसावर!’

‘मी आहे की आजच्या दिवसावर,’ ती म्हणाली, ‘बटाटे आजचेच आहेत.’

‘मग मापाला का नाही गेलीस?’

ती बटाटा फिरवत राहिली. साल न तुटता लांब लोंबत होती. मग म्हणाली, ‘त्यात अजून आली नाही ना ती तारीख.’ मी अशी बघत राहिले तिच्याकडे, तर म्हणाली, ‘वेड्यासारखी बघू नकोस, मला कळतंय. पेपर वाचते मी. म्हणजे वाचायचे.’ आणि मग एकदम वेगळ्याच, बारक्या आवाजात, ‘आमचं ठरलं होतं गं. दोघांपैकी कुणाचं कापाकापीचं काही निघालं तर दुसऱ्याने सुट्टी टाकायची. ह्यांनी कधी सुट्टी टाकली नाही. ही टाकणार होते.’ अगं, जिने आख्ख्या गावाला ‘हलू नका, काही होत नाही’ म्हणून सांगितलं, तिच्या हातातली ती साल हलत होती.

मी लगेच दवाखान्याला फोन लावला, हातापाया पडले, त्यांनी दुसरी तारीख दिली, ह्या शुक्रवारची, म्हणजे उद्याची. आई उठली, चहा टाकते म्हणाली. आणि मी त्या खुर्चीत एकटी. पर्समध्ये तो पेनड्राइव्ह, तेव्हाचा, तसाच. पाणी उकळायच्या आत होण्यासारखं काम गं. लावायचा, फाईल बदलायची, तारीख आजची करायची. सगळं नीट, सगळं जागेवर, आई ह्या वर्षात, आणि बाबा गप्प. मी तो बाहेर काढला. टोपण काढलं. आणि टिंग. सकाळी आईने एक तेवढी ठेवली असावी, ‘नंतर परत आठवण’ करून, कारण दुपारी कुठून येणार? तपकिरी. ‘उद्या ठमीचा दात. तिला भिऊ देऊ नकोस.’ खाली बटणं, ‘ठीक’, ‘काढून टाका’.

‘आला का गं दात?’ आतून आई.

‘आला,’ मी म्हटलं.

‘थांब, त्याला हात लावू नकोस, मी करते.’

आणि मला तो दिवस आठवला. म्हणजे दात काढला तो. डॉक्टरकडचा हिरवट उजेड आठवला, तोंडात कापसाची चव, आणि आईचा हात माझ्या छातीवर सपाट ठेवलेला, ‘रोख. रोख. आता सोड.’ मी खरंच नव्हते भ्याले. इतकी वर्षं मला वाटायचं मी शूर होते. शूर कसली, कोणीतरी पहाटे मोजे घालता घालता एका बोटाने त्याची व्यवस्था केली होती.

चहा यायच्या आत मी एक काम केलं. पेनड्राइव्हचं टोपण लावलं, त्या कॅलेंडरातल्या त्या दिवसावर, मागच्या वर्षातल्या त्या चौकटीत, नवीन नोंद उघडली आणि लिहिलं, ‘उद्या आईच्या डोळ्याचं माप. ठमी येतेय. तिला भिऊ देऊ नकोस.’ रंग विचारला त्याने. मी कुठलातरी निळा दिला. मग खाली विचारलं, एकदाच, दर आठवड्याला, रोज. आणि माझा हात आपोआप गेला गं ‘रोज’वर. टिकमार्क. आई कप घेऊन आली, टिंग झालं, तिने डोळे बारीक करून बघितलं. ही नवी, तिला पाठ नव्हती. ‘काय लिहिलंय?’ म्हणाली. मी वाचून दाखवलं. तिने वाकून ‘ठीक’ दाबलं आणि म्हणाली, ‘बापावर गेलीस. आता मी मरेपर्यंत रोज माप द्यायला जाणार.’ आणि मग, ‘किती वाजता येतेस?’

तर उद्या सकाळी मी तिला घेऊन जातेय. सुट्टी टाकलीय. मापाचं होईल, ऑपरेशनचंही होईल, डोळा स्वच्छ होईल, आणि मग तिला कोपऱ्यातली ती तारीख लख्ख दिसेल. मागच्या वर्षातली. पेनड्राइव्ह पर्समध्येच आहे, हा बघ, हात लावून बघ. मी नाही लावला तो. बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाहीये, डोकं नुसतं गरगरतंय परवापासून. तू सांग ना. तू त्या खुर्चीत असतीस, आत चहा उकळतोय, समोर ती खिडकी, आणि हा एवढासा हातात, तर तू काय केलं असतंस?